टाकायला शेंडी हवी

आमच्या थोरल्या अक्कानं संन्यास घ्यायचं ठरवलं ते एकोणीसशे सत्तरच्या आसपास, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही. मी कोल्हापूरचा माणूस, निम्मं वाढवून सांगितल्याशिवाय मला जेवण पचत नाही. पण ही गोष्ट मुळातच एवढी विचित्र की तिला वाढवायला फारशी जागा नाही.

अक्का मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. वडील लवकर गेले, आईच्या जोडीनं आम्हा भावंडांना तिनं वाढवलं, त्यात तिचं लग्न राहून गेलं. आवाज असा की तिनं वर्गात 'रामः रामौ रामाः' सुरू केलं की गंगावेशीतल्या म्हशी दूध चोरायच्या. आणि वेणी केवढी, तर रंकाळ्यावर उभी राहिली तर शेंडा पंचगंगेत भिजावा. आमच्यातल्या शेवटच्याचं लग्न लागलं आणि एका सकाळी चहाची कपबशी खाली ठेवून ती म्हणाली, "आता मला संन्यास घ्यायचाय. मठात सोबत तू चल."

मठ नदीपलीकडं. तिथले स्वामी म्हातारे, हसतमुख. अक्काचं म्हणणं ऐकून त्यांनी मान हलवली.

"बाईंना संन्यास नाही."

"का?"

"संन्यास घेताना शेंडी कापायची असते, जानवं काढून टाकायचं असतं. तुमच्याकडं टाकायला आहे काय?"

"म्हणजे माझं आधीच टाकून झालंय," अक्का म्हणाली. "मी तुमच्या एक पायरी पुढं."

स्वामींनी जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तसं नव्हे. जे नाही ते टाकता येत नाही."

"मग द्या. माझी मुंज करा, शेंडी राखते, आणि लगेच दोन्ही टाकते."

स्वामी बोलले की मला वाटे, बरोबर आहे. अक्का बोलली की वाटे, हेही बरोबर आहे. इकडून तिकडं मान वळवून माझी मानगूट आखडली. शेवटी स्वामींनीच पळवाट काढली. "आईची संमती लागते. ती घेऊन या, मग बघू." कुठलीही आई हो म्हणणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा.

परतताना गल्लीच्या तोंडाशी शेजारचे पैलवान भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "मग ठेवू द्या की शेंडी. त्यात काय हाय? आमच्या तालमीत निम्म्यांना न्हाय, अन् त्येंना कोण इचारतंय व्हय?" माझ्या गोंधळात ही एक भर पडली.

आई पावटे सोलत बसली होती. तिनं मान वरही केली नाही. "जा की. आमच्यासाठी राब राब राबलीस. भगवं नेस, माळ ओढ. पण डोक्याला वस्तरा लावायचा नाही."

"अगं, मुंडनाशिवाय कसला संन्यास?"

तेव्हा आईनं हातातली शेंग खाली ठेवली. तिची एक आत्या पोरवयात विधवा झाली होती. परसात न्हावी बोलावला. "मला तिचे हात धरून बसवलं होतं," आई म्हणाली. "डोकं भादरलं, तांबडं आलवण नेसवलं, एक वेळ जेवायला घातलं. तेव्हा नाही कुणी पोथी उघडली, बाईला हे चालतं का म्हणून."

"तिचं काढून घेतलं, आई. माझं मी देतेय."

"वस्तऱ्याला काय कळतंय ते?"

स्वामींना पळवाट काढायला लावणारी अक्का आईनं ठेवलेली शेंग उचलून सोलायला लागली. मी रंकाळ्याला चक्कर मारायला गेलो आणि भेळ खाऊनही डोकं ठिकाणावर येईना. जे त्या आत्याला रडत असताना दिलं, तेच अक्काला मागूनही मिळत नव्हतं. मग नक्की मनाई होती ती कशाला? मुंडनाला, भगव्याला, की मागण्याला?

घरात काही दिवस भांडीच तेवढी वाजत होती. मग एका दुपारी आईनं अंगणात जुनी चादर पसरली आणि शिलाई मशीनच्या खणातली कात्री आणली. "बस खाली. न्हावी नको, वस्तरा नको. हे केस मी वाढवलेत, मीच कापते." एवढी वेणी कापताना कात्रीची धार गेली, आईचा हात सुजला. शेवटी अक्काचं डोकं ऊस तोडलेल्या रानासारखं दिसायला लागलं. दोघींपैकी कुणी रडलं नाही, म्हणून तेही काम माझ्यावर आलं.

ते डोकं बघून स्वामी उठून आत गेले. मग त्यांनी आतल्या पंडितांशी खल केला. अक्काला भगवी वस्त्रं मिळाली, नवं नाव मिळालं. संन्याशानं हातात धरायचा दंड मिळाला नाही, आणि संन्याशांच्या पंगतीत पानही नाही. मी स्वामींना विचारलं, "मग हा संन्यास आहे का?" ते म्हणाले, "आहे असंही म्हणता येतं."

अक्काला विचारलं तर म्हणाली, "मी घेतलाय. त्यांनी दिलाय का, ते त्यांना विचार."

पुढं महिन्याभरानं ती भिक्षेला आमच्याच दारात आली. आई ताट घेऊन बाहेर आली आणि अडली. संन्याशाच्या पाया पडायचं, म्हणून आई वाकली. संन्याशानंही आईला नमस्कार करायचा असतो, म्हणून त्याच क्षणी अक्का वाकली. टाळक्याला टाळकं असं बसलं की आवाज जयसिंगपूरपर्यंत गेला असेल.

"आता तुला अगं म्हणू की अहो?" आईनं कपाळ चोळत विचारलं.

"ते मठातही अजून ठरलेलं नाही."

"मग तोवर अगंच. आत ये, आमटी निवतेय."

अक्का हलली नाही. सोडलेल्या घराचा उंबरा संन्याशानं ओलांडायचा नसतो. आईनं तिच्याकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं, मग आत जाऊन दोन पाट आणले आणि बाहेर कट्ट्यावरच मांडले. एकावर स्वतः बसली. "तू आत येऊ नकोस. मला बाहेर यायला कुणाची मनाई नाही," म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. दोघी जेवायला लागल्या. मी आमटीचं पातेलं घेऊन उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. आधी कुणाला वाढायचं, ते मला कळेना.