उमरेडला जाणारी उभी मोटार

नागपूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा भर दुपार होती आणि रस्त्यावर एकही माणूस नव्हता. मुंबईत असा रिकामा रस्ता मी पाहिलेला नाही. लढाईमुळे काही हुकूम निघाला असेल, असं मला वाटलं. मला न्यायला आलेले नाना, म्हणजे माझ्या मावशीचे धाकटे दीर, हसायला लागले.

"हुकूम आहे नं, उन्हाचा! वैशाखात या वेळेला इथं कुत्रंही बाहेर निघत नाही." त्यांनी खिशातून एक पांढरा कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. "जवळ ठेव, बेबी. ऊन बाधत नाही."

मी 'थँक यू' म्हणाले आणि कांदा पर्समध्ये रुमालाशेजारी ठेवला. टांगेवाल्याला त्याची फार गंमत वाटली.

धंतोलीला पोचेपर्यंत नानाच बोलत होते. मला ते बरंच होतं. आईने मला पाठवलं होतं ते एका कामासाठी, आणि ते काम बोलण्याचं होतं. नुसतं ऐकायचं असेल तर मी कुठेही जायला तयार असते.

काम मावशीच्या मोटारीचं होतं. मावशीचे यजमान, माझे काका, वकील होते आणि महिन्यातून काही वेळा त्यांना उमरेडच्या कोर्टात जावं लागे. एका उन्हाळ्यात जाताना पाचगावच्या पुढे, नाल्याच्या पुलावर, टायर बसलं. ड्रायव्हर चाक बदलत होता तोवर काका खाली उतरून बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहिले. तेवढ्यात त्यांना ऊन लागलं. गाडीत मागच्या सीटवर घालून त्यांना परत आणलं, पण घर येण्याआधीच ते गेले होते. तेव्हापासून त्या गाडीला मावशीने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता.

"आता पेट्रोलची कुपनं बंद," नाना म्हणाले. "म्हणून मी म्हणून राहिलो, टप काढतो, बाकं टाकतो, मागं कोळशाची भट्टी बसवतो. कोळशाच्या गॅसवर मस्त चालते गाडी. नागपूर-उमरेड सर्व्हिस मोटार! विणकर बसतील, पक्षकार बसतील. वहिनीचंही घर चालेल. पण ऐकेल तर शपथ. तू शिकलेली आहेस, तू समजाव."

घरात खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे होते आणि आत हिरवट अंधार होता. मावशीने मला जवळ घेतलं. ती आईपेक्षा उंच आणि शांत आहे. तिने गोळाभात केला होता (डाळीच्या भरड्याचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करतात आणि वर कडकडीत फोडणीचं तेल ओततात). मी दोनदा वाढून घेतला. जेवताना नानांनी विषय काढलाच.

"वहिनी, गाडी सडून राहिली."

"सडू दे. त्यांची आहे तशी ठेवायची."

"तशी म्हणजे कशी? दोन टप दादानंच बदलले. पितळी दिवे काढून बिजलीचे लावले, तेही दादानंच. अर्धं इंजिन नवं आहे. मूळची म्हणाल तर स्टिअरिंगचं चाक तेवढं मूळचं!"

"त्यांनी बदललं ते त्यांच्या गाडीत बदललं," मावशी म्हणाली. "तुम्ही बदलाल ती तुमची होईल. ताक घ्या."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं. मनातून मला नानांचं पटत होतं.

जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले. मला झोप येईना. मागच्या आवारातून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, म्हणून मी पडदा बाजूला करून पाहिलं.

पत्र्याच्या छपराखाली ती लांब नाकाची काळी मोटार उभी होती. पुढे स्टिअरिंगच्या चाकामागे ड्रायव्हर गणपत बसला होता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. मागे उजवीकडे मावशी. इंजिन बंद होतं. गणपतचे हात चाकावर सावकाश हलत होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सक्करदरा आला, बाई." बराच वेळ गेला. मग म्हणाला, "दिघोरी." मावशी बाहेर पाहत होती, जसं आपण चालत्या गाडीतून पाहतो, नजर मागे मागे नेत. समोर फक्त विटांची भिंत होती.

"पाचगाव सुटलं," गणपत म्हणाला. आणि नंतर, "बाई, पूल दिसून राहिला. फिरवू?"

"फिरव."

त्याने चाक पूर्ण वळवलं. मावशी वळणाच्या बाजूला किंचित झुकली.

संध्याकाळी मी नानांना विचारलं. त्यांना माहीत होतं. "पेट्रोल होतं तोवर खरंच जात होते. पुलापर्यंत जायचं आणि माघारी यायचं. पेट्रोल संपलं, पण जाणं काही थांबलं नाही." मग त्यांनी विनोद करून पाहिला. "गणपतचं बरं आहे. बसल्या बसल्या पगार घेऊन राहिला."

गणपत ओट्यावर बिडी ओढत होता. "बसून पहा नं, नाना," तो म्हणाला. "पेट्रोल लागत नाही, पण घाम तेवढाच येते. अन् पूल आला का हात जड होते."

"काहून?"

"ते मले काहून विचारता? गाडीले विचारा."



दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी माझ्या दाराशी आली. "फिरायला येतेस?" तिने अगदी साधं विचारलं. अंबाझरीच्या तलावावर नेते म्हणाली असती तर तिने असंच विचारलं असतं. मी चपला घातल्या. मी मागचं दार उघडायला गेले तर तिने माझा हात धरला. "तू पुढे बस, बेटा. मागे जागा नाही."

मी गणपतशेजारी बसले. चामडं इतकं तापलं होतं की साडीतून चटका बसला. मावशी उजवीकडून चढली आणि तिच्या वजनाने स्प्रिंगा कुरकुरून गाडी जराशी खाली बसली. दार लागलं. मग गाडी पुन्हा एकदा कुरकुरली आणि डाव्या बाजूला खाली बसली.

मी मागे पाहिलं नाही. गणपत म्हणाला, "निघू?"

तो गावांची नावं घेत गेला. मी भिंत पाहत होते. काही वेळाने भिंत पाहणं मला जमेनासं झालं. डोळ्यांसमोर वाऱ्याने उडणारी पांढरी धूळ होती आणि तोंडात तिची चव होती. मावशी मागे हळू आवाजात बोलत होती. आज कोर्टात कोण साहेब आहेत, घरी संत्र्याची झाडं वाळत चालली आहेत, असलं काहीतरी. मध्ये मध्ये ती थांबायची. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबायची.

मला तेव्हा कळलं की ती रोज काय करते. गाडी पुलावर पोचली तर काका उतरतील. म्हणून पुलाआधीच गाडी फिरवायची. गाडी आहे तशी असेल तोवर ते मागच्या सीटवर बसलेले असतील, आणि अजून ऊन लागलेलं नसेल.

उद्या सकाळी गाडी कापायला नानांचा फिटर येणार होता. मावशीने हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि तिने कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

"बाई, पूल दिसून राहिला," गणपत म्हणाला. "फिरवू?"

मागून आवाज आला नाही.

"बाई? फिरवू का?"

"आज तिला विचार," मावशी म्हणाली. "तिला त्यासाठीच पाठवलंय."

गणपतने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि चाकावरची बोटं पांढरी पडली होती. मला कोणी विचारलेलं आवडत नाही. वर्गातही मी उत्तर येत असताना गप्प बसायची. मला वाटलं, मावशीने अशा किती दुपारी या पुलाअलीकडे घालवायच्या?

"पुढे घ्या," मी म्हणाले.

गणपतने चाक सरळ धरलं. बाहेर एक पानसुद्धा हलत नव्हतं. मग माझ्या मागे, डावीकडे, स्प्रिंगा कुरकुरल्या आणि गाडी त्या अंगाने वर उचलली गेली. मागचं दार उघडलं नाही, मी शपथेवर सांगते.

"उतरले," मावशी म्हणाली.

 मग ती आपल्या बाजूने उतरली, पदर नीट केला आणि घरात जाताना म्हणाली, "गणपत, नानांना सांग, काय करायचं ते करा."

टप कापताना ती बाहेर आली नाही. मी पाहत होते. फिटरने मागची गादी उचलली तेव्हा मी जवळ गेले. खाली काथ्या, एक गंजकी पिन आणि बरीच धूळ होती.

मी निघाले त्या दिवशी भट्टी बसवून झाली होती. पहिली फेरी माझ्यासाठी स्टेशनपर्यंत. नाना सळईने निखारे ढोसत होते, धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि गणपत ओरडत होता, "चढा गा, चढा! कोळसा खाऊन चालते ही बया!" वाटेत दोन विणकर बायका फुकटात चढल्या. मावशी त्यांच्यामध्ये दाटीने बसली आणि लुगड्याच्या काठांविषयी बोलत राहिली. ती हसलीसुद्धा. मला फार बरं वाटलं.

प्लॅटफॉर्मवर तिने मला पाण्याची सुरई दिली, खिडकीच्या गजावर हात ठेवला. गाडी हलली तशी ती दोन पावलं बरोबर चालली.

"बेटा," ती म्हणाली, "ते उतरताना मी त्यांना पाणी विचारलं नाही गं."

वर्ध्यापर्यंत दोन्ही बाजूंना तेच पांढरं ऊन होतं. रुळांजवळ बाभळी दिसल्या की मी त्यांच्या सावलीत पाहत होते. जुनी गाडी आहे तशी ठेवू नये, गरजेप्रमाणे बदलावी, हे नाना अजून मला पत्रातून पटवत असतात. मला ते केव्हाच पटलेलं आहे. मावशी आता घर चालवते, जेवते, झोपते. पण गाडीतून आपण एकाला भर दुपारी रस्त्यावर उतरवलं आणि पुढे निघून आलो, हे कोणाला सांगायचं, ते मला कळत नाही.

त्या दिवशी घरी पोचल्यावर आईने विचारलं, "काय झालं मग गाडीचं?"

"चालते आता," मी म्हणाले.