हात खाली येईपर्यंत

शहापूरचा हा विणकर मला दर बाजारच्या दिवशी बेळगावात कॅम्पाच्या चौकात दिसायचा. खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. चौकातल्या पोलिसानं हात आडवा केला, तरी आम्ही कचेरीतली मंडळी टांगा लांब आहे असं बघून सटकायचो. हा मात्र रस्ता रिकामा असला तरी थांबायचा. मला हसू यायचं आणि का कोण जाणे, थोडा रागही.

एकदा विचारलं तर म्हणाला, "आमच्या गल्लीत सूत ताणून खळ लावत्यात. तेच्या खालनं वाकून कोण जात न्हाय, पार टोकाला वळसा घालत्यात. धागं तुटलं तर समद्या घराचं काम बसतंय. तीच सवय लागलीया."

एका दुपारी साहेबाच्या मोटारीसाठी पोलिसानं हात आडवा केला होता. तेवढ्यात येळ्ळूरची एक म्हातारी ताकाच्या मडक्यासकट रस्त्यातच पडली. मोटार भोंगा वाजवत आली. पोलीस हात न हलवता नुसता ओरडत होता आणि रोज सटकणारे आम्ही कडेला खिळून उभे होतो. हा गाठोड्यासकट सरळ रस्त्यात गेला. मोटारीला थांबावंच लागलं. म्हातारीला उचलून त्यानं आमच्या बाजूच्या पायरीवर बसवलं.

मोटार गेली, रस्ता मोकळा झाला, तसे आम्ही निघालो. तो तिथंच उभा होता.

"चला की अण्णा," मी म्हणालो.

"हात कुठं खाली आलाय अजून?"