पोट इथं, सुई तिथं

पोटाच्या आजाराची तीन माणसं एका बाकावर अर्धा तास बसवा, किस्से आपोआप तयार होतात. ताप आलेला माणूस गप्प पडून राहतो. हाड मोडलेला कण्हतो. पण पोटवाल्याला बोलायला लागतं, कारण घरात त्याचं ऐकून ऐकून सगळे विटलेले असतात. माणिकपूरच्या त्या सुयांच्या दवाखान्यात मी दीड वर्ष जात होतो. तिथलं एवढं साठलंय की मुलगी म्हणते, लिहून टाका, निदान जेवताना सांगू नका. मी चौथीपर्यंत शिकलेला. शुद्धलेखन बघायचं असेल तर दुसऱ्याचं बघा.

*

आधी माझं सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल.

ऐंशी सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. मी पास्कू, केळीच्या वाडीवाला. जेवलो की पोटात पीळ पडायचा आणि धावावं लागायचं. कधी चार दिवस काहीच नाही, मग एका सकाळी पाच वेळा. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढले, नळ्या घातल्या आणि म्हणाले, काही नाही. सात वर्षं मला हे "काही नाही" होतं!

लोकांना वाटेवरची देवळं आणि क्रूस पाठ असतात. मला घरापासून माणिकपूरपर्यंतचे संडास पाठ होते. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर, दाराला चिकटून. थोरल्या मुलाच्या लग्नाचा आल्बम बघा, मी एकाही फोटोत नाही.

आणि तेवढ्यात मुलीचं, रेजिनाचं लग्न ठरलं. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ लागला की आमच्यात लग्नं होत नाहीत, त्याच्या आत उरकायचं, म्हणजे हातात पाच महिने. आमच्यात नवरीला बापानं चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत न्यायचं, मग पहिल्या बाकावर बसून अख्खी मिस्सा, म्हणजे तासाभराची प्रार्थना ऐकायची. मी म्हटलं, माझा भाऊ नेईल.

रेजिना भाकऱ्या थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही मेलायत का?"

नाही म्हटलं.

"मग काकांचं नाव कशाला काढताय?"

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली.

*

डॉक्टर तिशीतला पोरगा. शिकला इथंच, पण सुया टोचायला सिलोनला जाऊन शिकून आलेला. टेलरच्या दुकानामागे एक खोली, बाहेर बाक, आत दोन खाटा. स्टोव्हवर सुया उकळत असायच्या. एकदा एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन चुकून आत आली, माझ्या पायात आणि हातात उभ्या सुया बघितल्या, आणि "माप उद्या देते" म्हणून गेली.

पहिल्या दिवशी त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. पाऊण तास. मग मी सांगितलं, मोठे डॉक्टर म्हणतात काही नाही.

तो म्हणाला, "दुखतं ना? मग आहे."

मी पोट उघडं करून खाटेवर आडवा झालो.

पण सुई मारली ती गुडघ्याखाली. मी विचारलं, पोट इथं, सुई तिथं, हा काय प्रकार? तो म्हणाला, "पास्कूकाका, केळीला पाणी कुठं घालता? मुळाशी ना? घडावर तर ओतत नाही."

मी म्हटलं, "केळीचं मूळ केळीखालीच असतं, डॉक्टर. शेजाऱ्याच्या वाडीत नसतं."

त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, दुसरं उदाहरण शोधतो. दीड वर्षात शोधलं नाही.

*

बाकावर माझ्या डावीकडे नामदेव. गोखिवऱ्याकडचा भातशेतीवाल्यांचा मुलगा, वालीवच्या कारखान्यात लेथ चालवायचा. कामाच्या पाळीला निघायच्या आधी ह्याच्या पोटात मुरडा. तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून हा शुक्रवारी यायचा.

डॉक्टर विचारायचा, कुठं दुखतंय? हा म्हणायचा, "आज दुखत नाय. आज सुट्टी हाय."

चार शुक्रवार असं झालं. पाचव्याला डॉक्टर म्हणाला, नामदेव, तुझ्या पोटाला कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. आता कामावर जाताना येत जा.

तेव्हापासून नामदेव डबा हातात घेऊन सकाळी सातला हजर. कारण नंतर कळलं. लेथवर शेजारच्या माणसाचं बोट गेलेलं, ह्याच्या डोळ्यांसमोर. घरी कोणाला बोलला नव्हता. खाटेवर सुया लावून पडल्यावर छताकडे बघत डॉक्टरला सांगितलं. मी बाजूच्या खाटेवर होतो. मी झोपल्याचं सोंग केलं. एवढं मला जमतं.

*

उजवीकडे सुमतीबाई. शाळेत मास्तरीण. त्यांचं दुखणं माझ्या उलटं, आठ-आठ दिवस काही नाही. पण बाईमाणूस, त्यात मास्तरीण, तो शब्द तोंडातून काढायच्या नाहीत. डॉक्टरनं विचारलं की भिंतीकडे बघायच्या. शेवटी त्यांनीच तोड काढली. आत जाताना सांगायच्या, "गैरहजर."

बाकाला ते आवडलं. नामदेव "तीनदा हजर" सांगायला लागला. मी तर रोजच हजर, उलट सुट्टी कशी मिळेल ते बघत होतो.

दोन महिने त्यांची गैरहजेरी चालली. आम्हाला विचारायचा धीर होईना. एका मंगळवारी बाई दारातून आल्या, पर्स खाली ठेवली आणि वर्गात ओरडावं तसं म्हणाल्या, "सलग चार दिवस हजर!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. पलीकडून टेलरनंही वाजवल्या, त्याला काय माहीत कशाच्या.

*

खोलीतलं घड्याळ बंद पडलेलं आणि डॉक्टरचं मनगटावरचं रोज त्याची बायको कामावर घालून जायची. सुया वीस मिनिटं ठेवायच्या असतात. मी म्हटलं, मी एक जपमाळ म्हणतो, पाच भाग, बरोबर वीस मिनिटं. डॉक्टरनं घड्याळ दुरुस्त केलंच नाही. मी आलो की सगळ्यांच्या सुया माझ्या जपमाळेवर निघायच्या.

एक दिवस मला कळ आली. मी भराभर उरकलं आणि ओरडलो, झाली! पडद्यापलीकडून सुमतीबाईंचा आवाज आला, "पास्कूभाऊ, चौथा भाग गाळलात. परत म्हणा."

ही बाई गणपती बसवणारी. मी परत म्हटला. कळ तेवढ्यात गेली होती.

*

ह्यात एक मूर्खपणाही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्यानं स्वतःचं झाकलं म्हणाल. एकदा घरी पोचलो, सायकल टेकवली, तर बायको माझ्या पायाकडे बघून दोन पावलं मागे. गुडघ्याखाली एक सुई तशीच उभी. अर्धी चड्डी घालून मी अख्खं माणिकपूर तशीच मिरवत आलेलो. लोक का बघत होते ते तेव्हा कळलं. मला वाटलं, तब्येत सुधारलेली दिसतेय.

बायको हात लावेना. मीही लावला नाही, म्हटलं चुकीची ओढली तर पोटातलं काय सुटेल कोण जाणे. तसाच परत सायकलवर. दवाखान्यात डॉक्टर टेबलाखाली रांगत होता. मला बघितलं, सुई बघितली आणि जमिनीवरच बसला. म्हणाला, "काका, तासभर मोजतोय. मला वाटलं, नामदेवच्या डब्यात गेली."

*

लग्नाला पंधरा दिवस राहिले तेव्हा रेजिना स्वतः दवाखान्यात आली. चर्चमध्ये तीन रविवार नवरानवरीची नावं पुकारून झाली होती, म्हणजे आता मागे फिरणं नाही. मी खाटेवर, हातापायात सुया. तिनं डॉक्टरला सरळ विचारलं, बाबा त्या दिवशी बरे असतील का?

दुसरा कोणी असता तर छाती ठोकून हो म्हणाला असता. हा म्हणाला, "माहीत नाही. आठवड्यात दोन दिवस चांगले जायचे, आता पाच जातात. तुमचा दिवस त्या पाचांत पडेल की दोनांत, ते मला सांगता येत नाही. ह्या सुयांनी काहींना उतार पडतो, काहींना नाही. का पडतो तेही मला नीट कळलेलं नाही."

मला वाटलं, पोरगी भडकणार. ती त्याला मग म्हणाली, लग्नाला या. आणि माझ्या पायाकडे बघून त्याला हळूच विचारलं, ह्या सुया बाबांना दुखतात का?

"नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

डॉक्टर म्हणाला, "तुम्ही आल्यापासून केलंय."

*

लग्नाचा दिवस.

दोन दिवस मी नुसत्या पेजेवर. सकाळी उठलो तर पोट शांत, विहिरीच्या पाण्यासारखं. सूट घातला. चर्च भरलेलं. उजवीकडे मागच्या बाकांवर डॉक्टर, नामदेव, सुमतीबाई, तिघं ओळीनं. गायनवृंदानं प्रवेशगीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. रेजिनानं माझ्या हातात हात घातला आणि आम्ही निघालो.

अर्ध्यावर आलो आणि पीळ पडला.

मी चालतच राहिलो. पण तिचा हात माझ्या हातात होता, तिला कळलं. ती थांबली.

"जाऊन या," म्हणाली.

मी म्हटलं, सगळे बघतायत.

"बघू देत. मी कुठं जात नाही."

मी बाजूच्या दारानं बाहेर पडलो. फादरांच्या घरामागे संडास. तिथं बसून ऐकत होतो. प्रवेशगीताची चार कडवी संपली. जरा शांतता. मग पेटीवाल्यानं पहिल्यापासून सुरू केलं. ते संपलं. मग परत. तिसऱ्यांदा तर अख्खं चर्च म्हणत होतं, कारण आता सगळ्यांना पाठ झालेलं.

मी आत आलो. नवरा वेदीपाशी उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर. फादर छताकडे बघतायत. कोणी खाली बसलेलं नाही. आणि मध्ये, त्याच फरशीवर, माझी पोरगी एकटी उभी. फुलं एका हातात. दुसऱ्या हाताचं कोपर तसंच बाहेर काढलेलं, माझा हात जाईल एवढी जागा ठेवून.

मी हात घातला. चालायला लागलो, जरा घाईनंच.

तिनं मला मागे ओढलं. पुढे बघतच म्हणाली, "हळू चला बाबा. माझे सँडल चावतायत."