सीट वांयच वर

यजमानांना अर्धांगवायू झाला आणि मला शाळेत सोडायला कोणी उरलं नाही. स्कूटर मी कधी शिकले नव्हते. लग्न होऊन गेलेल्या मुलीची सायकल पडवीत होती, ती पुसून बाहेर काढली. शाळा फार लांब नाही, पण धामापूरच्या वाटेवर एक चढ लागतो.

पडायची भीती वाटायची म्हणून मी सीट अगदी खाली केली. दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर यायचा. चालवताना मात्र गुडघे पोटाशी यायचे आणि मांड्या भरून यायच्या. सकाळी ह्यांची आंघोळ, कपडे, पेज भरवणं, मग सायकल, मग दिवसभर वर्गात उभं राहणं. संध्याकाळी चढावर उतरून सायकल ढकलत यायची. घरी आले की पायरीवर बसून राहायची, आत जायचंही जिवावर यायचं.

हे घरापुढच्या खळ्यात, अंगणात खुर्चीवर बसून रोज माझी वाट बघायचे. आजारपणानंतर बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायचे. एका संध्याकाळी मी सायकल भिंतीला टेकवत असताना ते अडखळत म्हणाले, "सीट... वांयच वर घे गो."

मी वैतागून म्हटलं, "पाय टेकाक नाय तर मी पडतलंय. मगे तुमका कोण बघतलो?"

बोललेल्याचं मला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकंही त्राण नव्हतं. आत जाऊन पाना आणला. खाऱ्या हवेने बोल्ट गंजून धरला होता. खोबरेलाचे थेंब सोडून, जोर लावून तो फिरवला. सीट थोडी वर घेतली. आता बसून बघ, असं त्यांनी खुणेने सांगितलं. मी पडवीच्या खांबाला धरून बसले. टाच पेडलवर ठेवून पाय खाली ने, गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, हे त्यांनी तुटक तुटक शब्दांत, थांबत थांबत समजावलं. एवढं बोलणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

खांब सोडायची वेळ आली तेव्हा माझा तोल गेला. त्याच क्षणी मागून कॅरिअर कोणीतरी घट्ट पकडलं. वळून बघितलं तर हे नेहमीची काठी न घेता उभे होते, चांगल्या उजव्या हाताने सायकल धरून. मी घाईने उतरले आणि त्यांना खुर्चीत बसवलं. दोघांनाही दम लागला होता.

दुसऱ्या दिवशी चढ मी न उतरता पार केला. मांड्या भरून आल्या नाहीत, पण मनगटं दुखली. ह्यांना सांगितलं तर थांबत थांबत म्हणाले, सीटचं पुढचं टोक खाली झुकलंय, त्यामुळे तू पुढे घसरतेस आणि भार हातांवर येतो. ते सपाट करून घेतलं.

शीण काही गेला नाही. सकाळी त्यांना उठवून बसवताना अजूनही कंबर भरून येते. पण आता ते स्वतःहून विचारतात, आज खंय दुखला? कुठे दुखलं ते मी सांगते आणि मग चहा ठेवायला उठते.