'दत्ता कनेक्टेड'

दत्ताचा तेरावा झाला, आणि दोनच दिवसांनी त्याने माझ्या स्क्रीनवरचा बाण हलवला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. ती दुपार अजून अंगावर येते.

दत्ताचं निपाणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मी बेळगावात वर्तमानपत्राची पानं लावते. मशीन बिघडलं की मी मेसेज करायची आणि तो दुकानात बसूनच माझ्या मशीनमध्ये शिरायचा. कोपऱ्यात पाटी यायची, 'दत्ता कनेक्टेड'.

मग बाण आपोआप फिरू लागायचा.

फोन करायचा नाही. नोटपॅड उघडून दर वेळी तेच लिहायचा,

'आक्का, हात लावू नका. मी हाय.'

एकदा दुकानात गेले होते तेव्हा विचारलं, "सारखं ड्रायव्हर ड्रायव्हर म्हणतोस, ते असतं तरी काय रे?"

"दुभाषी ओ आक्का! विंडोज बोलतंय मराठी, डिस्प्ले कार्ड बोलतंय कानडी. मधला दुभाषी गडबडला की स्क्रीन काळी. मग जुन्या दुभाष्याला परत बोलवायचं. आमच्या घरात ती ड्युटी माझी. आई मराठी, बायको कानडी."

आतून त्याची बायको, कस्तुरी, ओरडली, "खोटं सांगू नका! मी बोललेलं आत्तींना, तुमच्या आईंना, सगळं कळतंय. तुम्हालाच कळत न्हाय."

एका सकाळी दत्ता झोपेतून उठलाच नाही.

तेराव्यानंतरच्या त्या दुपारी माझ्या मशीनवर अपडेट आलं होतं. स्क्रीन लुकलुकायची, निळी पडायची, मशीन बंद. परत चालू केलं तर अक्षरं भाकरीएवढी. संध्याकाळचं पान अर्धं राहिलेलं.

सवयीने हात मोबाईलकडे गेला.

'दत्ता, स्क्रीन गेली रे.'

पाठवल्यावर कळलं, कुणाला पाठवलं ते.

पुसणार, तोच दोन निळ्या खुणा उमटल्या.

आणि कोपऱ्यात पाटी. 'दत्ता कनेक्टेड'.

बाण हलला. हळू, अडखळत. नोटपॅड उघडलं. एकेक अक्षर उमटू लागलं.

'आक्का, हात लावू नका. मी हाय.'

मी खुर्ची सोडून भिंतीला टेकले.

बाण सेटिंगमध्ये गेला. डिस्प्लेचा ड्रायव्हर शोधला. नवा काढून जुना परत बसवायचं बटण दाबलं गेलं.

स्क्रीन काळी झाली.

काळीच राहिली.

मग एकदम उजळली. अक्षरं पहिल्यासारखी.

फोन वाजला. दत्ताचा नंबर. मी उचलला.

"आक्का, मी कस्तुरी. जमलं काय ओ?"

"जमलं गं. पण ते... ते तू लिहिलंस?"

"मराठी टाइप करायला तेवढंच येतंय मला. त्यांचं बघून बघून."

तिनेच पुढे सांगितलं,

"दीर म्हणत्यात, दुकान दुसऱ्याला देऊन टाकू. गिऱ्हाइक दादाचं होतं, वहिनी, तुमचं न्हाय. म्हटलं, पहिलं जे काम येईल ते करून बघायचं. बिघडलं तर दुकान सोडायचं. तुमचाच मेसेज आला."

मग हळूच, "तिथलं नाव बदलू काय? त्यांचंच दिसतंय अजून."

मी म्हणाले, "राहू दे."

बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. आजही मशीन अडलं की ती पाटी येते, बाण हलतो, तेच वाक्य उमटतं. पलीकडे कोण आहे ते मला माहीत असतं. तरी तोंडातून आधी निघतं, "हो रे बाबा, नाही लावत."

आणि मग खोली फार शांत होते.

आज वर्षश्राद्ध, म्हणून दुकान बंद आहे. उद्या सकाळी कस्तुरी शटर उघडेल. दीरच आता लोकांना सांगतात, "आमच्या वहिनीकडं न्या, करून देत्यात."

दत्ता, आता निघालास तरी चालेल रे.

तुला मनापासून नमस्कार.