रामटेके काकांचा परवाना

नागपूरच्या जरीपटक्यात आमच्या शेजारी राहणारे रामटेके काका दारात आलेल्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधी विचारायचे, "कुठून निघाले? वाटेत कुठं कुठं थांबले?" त्यांची तीस वर्षं बंदराच्या आरोग्य खात्यात गेली होती. परदेशातून आलेलं जहाज पिवळा बावटा लावून बाहेर समुद्रातच थांबायचं. काका लाँचने जाऊन खलाशी तपासायचे, आणि सगळं ठीक असेल तरच जहाजाला आत यायचा परवाना मिळायचा. "कॅप्टन असो का भांडे घासणारा, सगळ्याइले लाइनीत उभं करा लागते," असं ते म्हणायचे. ती तीस वर्षं काकूंनी नागपुरात दोन पोरी एकट्यानं वाढवल्या. काका सुटीपुरते यायचे.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात काकू मोठ्या मुलीकडे चंद्रपूरला अडकल्या. शेवटी पास मिळाला. गाडी आली तेव्हा काका फाटकात कागद घेऊन उभे होते. मी गच्चीवरून पाहत होतो. वाटेत कोणी आजारी पडलं का, कोणी मेलं का, मेलेले उंदीर दिसले का, सगळं जहाजाच्या फॉर्मप्रमाणे विचारून झालं. काकू भर उन्हात नाही, नाही म्हणत राहिल्या.

"लपून आलेलं कोणी सापडलं काय?"

"तुमच्यासाठी लोणचं हाये पिशवीत. तेवढंच लपून आलं."

बरणीसकट काकूंची रवानगी चौदा दिवसांसाठी वरच्या खोलीत झाली. काका स्वतः खिचडी करायचे, ताट दाराशी ठेवायचे आणि चार पायऱ्या खाली बसून ताप विचारायचे. पहिले दोन दिवस बोलणं तापापुरतंच होतं. तिसऱ्या दिवशी मिठावरून भांडण झालं. मग दुपारच्या दुपारी ते जिन्यातच बसू लागले. एकदा काकू मोठ्यानं हसलेल्या ऐकल्या. इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून वर गेले. "उतर वं आता. पास झाली तू."

दार उघडलं नाही. काकू आतूनच म्हणाल्या, "लग्नाले चाळीस वर्षं झाले. तुम्ही माह्याशी बसून बोलले ते हेच चौदा दिवस. अजून ठेवा मले."

 दुपारी काकांनी मला हाक मारली. त्यांची खाट वर न्यायची होती. किती दिवसांसाठी, मी विचारलं.

"त्याचा फॉर्म नसते गा," ते म्हणाले. "तिकून पकड."