ओझेलाच्या अर्जावरच्या सह्या

आमची शेजारीण ओझेला टार्व्हर काळ्या मुलांच्या शाळेत गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात सरकारच्या नाकी नऊ आणायची. तिला नदीपलीकडच्या विद्यापीठात एम.ए. करायचं होतं. काळ्यांना प्रवेश नाही, असं तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अर्जावर फक्त दोन माजी विद्यार्थ्यांच्या सह्या हव्या होत्या, आणि माजी विद्यार्थी झाडून सगळे गोरे.

इथला हट्ट सोडा, शिकागोला जाऊन शिका, फी आम्ही भरतो, असं राज्य सरकारचं पत्र दरवर्षी यायचं. आमचे कितीतरी मास्तर गेलेही. ओझेला त्या पत्रानं चूल पेटवायची.

"जा की गं," मी म्हणायचे. "फुकटात बर्फ तरी बघशील."

"विद्यापीठाची घंटा मला अंगणात ऐकू येते, डेल्फीन. हजार मैल कशाला जाऊ?"

मग ती त्याच विद्यापीठात शिकलेल्या गोऱ्या डॉक्टर हॅमंडकडे गेली. त्याच्या घरी कामाला असताना ओझेलाच्या आईनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यानं तिला मागच्या दाराशीच उभं ठेवलं. "तू हुशार आहेस, ओझेला. पण मला या गावात दवाखाना चालवायचाय."

"आईला सांगते, डॉक्टरसाहेब. तिनं भरवलेलं सगळं अंगी लागलं, कण्याला तेवढं लागलं नाही."

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या जेवणात तिनं अर्ज तळलेल्या कोंबडीशेजारी ठेवला. विद्यापीठात झाडू मारणारे म्हातारे एनोसकाका बोटं पुसत म्हणाले, "आण, मी करतो सही."

"काका, माजी विद्यार्थी लागतो."

"चाळीस वर्षं त्या वर्गांत उभा आहे मी. इतका टिकलेला एक तरी गोरा दाखव."

दुसरी सही वसतिगृहाचे कपडे धुणाऱ्या लुव्हेनियानं केली.

अर्ज परत आला आणि काकांची नोकरी गेली. ओझेला मान खाली घालून त्यांच्या ओट्यावर बसली.

"रडतेस काय? पुढच्या वर्षीचा अर्ज आण," काका म्हणाले. "आता माझं काय काढून घेणार आहेत?"

पुढच्या वर्षी तेवीस सह्या झाल्या, जादा कागद जोडावा लागला. तोही अर्ज परत आला. माझी सही कुठेच नव्हती. मी विद्यापीठाच्या भोजनगृहात पाव भाजायचे. तोंडानं वाघीण, पेन दिसलं की मांजर. ओझेला मला कधी बोलली नाही. पेन फक्त माझ्यासमोरून पुढे न्यायची.

तिसऱ्या वर्षी मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. 'अर्जदाराची योग्यता' या रकान्यात लिहिलं, "तुमच्या भोजनगृहात जेवून गेलेल्या कुणाहीपेक्षा जास्त." सही केली. खाली आणखी एक ओळ घातली, "सोमवारपासून पाव तुमचे तुम्ही भाजा."